भिवंडीतला एक घरगुती फोटोसंग्रह : स्कॅन, दुरुस्ती आणि नोंद

घरातल्या जुन्या फोटोंचे डिजिटल जतन तीन टप्प्यांत होते : स्कॅन करणे, दुरुस्ती करणे आणि नोंदीसह संग्रहात ठेवणे. लक्ष बहुधा दुरुस्तीकडेच जाते. फोटोचे मोल मात्र नोंदीवर ठरते. प्रस्तुत लेखकाच्या भिवंडीतील घरी तीन पिढ्यांच्या फोटोंवर हे काम झाले. पुढचे विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

भिवंडी हे यंत्रमागाचे गाव. १८५७नंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, इथलेच कोकणी मुसलमान, आगरी आणि इतर मराठी कुटुंबे अशी इथली वस्ती. त्यामुळे घरातल्या एकाच ट्रंकेत पाठीवर मराठी, उर्दू किंवा तेलुगू मजकूर असलेले फोटो सापडले. संग्रहात पुठ्ठ्यावर चिकटवलेले स्टुडिओतले कृष्णधवल फोटो होते, आग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यावर काढलेले चौकोनी फोटो होते आणि नंतरच्या काळातले रंगीत प्रिंटही होते. खाडीलगतच्या दमट हवेचा या सगळ्यांना त्रास होतो. जिलेटिनवर बुरशी धरते. कृष्णधवल फोटोतली चांदी गडद भागांत वर येऊन आरशासारखी निळसर चमकते. जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो, म्हणून तो फोटो लालसर पडतो.

स्कॅन करण्यापूर्वी फोटो फक्त मऊ ब्रशने झटकावा. पाणी किंवा कापूस लावू नये. अल्बमच्या चिकट पानावरून फोटो ओढून काढण्यापेक्षा पानासकट स्कॅन करणे बरे. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर २४०० गुणिले ३६००, म्हणजे सुमारे ८६ लाख पिक्सेल मिळतात. रंगीत टिफ फाइल साधारण २६ एमबीची होते. कृष्णधवल फोटोही रंगीतच स्कॅन करावा, कारण डागांचा रंग पुढे दुरुस्तीत कामी येतो. पाठीवर काही लिहिलेले असेल तर तीही बाजू स्कॅन करावी. चांदी वर आलेला फोटो स्कॅनरवर चकाकतो. दोन्ही बाजूंनी तिरका प्रकाश टाकून कॅमेऱ्याने त्याची प्रत घेतली की चकाकी पुष्कळशी टळते.

दुरुस्तीसाठी फोटोशॉप (१९९०) आणि मोफत मिळणारे गिंप (१९९६) ही दोन्ही साधने पुरेशी आहेत. काम नेहमी प्रतीवर आणि वेगळ्या लेयरवर करावे; मूळ टिफला हात लावू नये. आधी लेव्हल्सने काळ्या-पांढऱ्याची हद्द ठरवायची, मग कर्व्ह्जने मधल्या छटा जुळवायच्या आणि शेवटी क्लोन स्टँप व हीलिंग ब्रशने डाग भरायचे. लालसर पडलेल्या रंगीत फोटोत लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनेल वेगवेगळे सुधारावे लागतात. चॅनेलचा उपयोग वाचनासाठीही होतो. एका फोटोच्या पाठीवरची शाई उडून फिकट तपकिरी झाली होती. स्कॅनमधला केवळ निळा चॅनेल घेऊन कॉन्ट्रास्ट वाढवला तेव्हा तेलुगू अक्षरे उमटली आणि शेजारच्या पद्मशाली आजोबांनी ती वाचून दिली : गावाचे नाव आणि साल.

ओरखडे आपोआप काढणारे फिल्टर मागाच्या फोटोंवर जपून वापरावे लागतात. मागावर ताणलेला ताणा म्हणजे शेकडो बारीक समांतर रेषा. फिल्टर त्यांनाच ओरखडे समजतो, धागे पुसतो आणि ताण्याच्या जागी गुळगुळीत करडा पट्टा उरतो. अशा फोटोत ओरखडे हातानेच भरावे. कृत्रिम बुद्धिमत्तेने रंग भरणारी साधने नऊवारीला जो रंग देतात तो केवळ अंदाज असतो. तसा फोटो ठेवायचा असेल तर फाइलच्या नावातच 'रंग भरलेला' असे लिहावे.

फोटोचा काळ आणि जागा ठरवताना ऑनलाइन संग्रहांची मदत होते. २००४मध्ये सुरू झालेल्या विकिमीडिया कॉमन्सवर मुंबई इलाख्याचे एकोणिसाव्या शतकातले अनेक फोटो आहेत. २००८मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसपासून सुरुवात झालेल्या फ्लिकर कॉमन्सवर जगभरच्या संस्थांनी आपले फोटो खुले केले आहेत. घरगुती फोटोंसाठी सर्वांत जवळचा नमुना म्हणजे अनुषा यादव यांनी २०१०मध्ये सुरू केलेला इंडियन मेमरी प्रोजेक्ट. तिथे प्रत्येक फोटोसोबत कुटुंबाने सांगितलेली हकिकत असते. पी. साईनाथ यांच्या पुढाकाराने २०१४मध्ये सुरू झालेल्या पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर विणकरांसह कष्टकऱ्यांचे आजचे फोटो मराठी मजकुरासहही पाहायला मिळतात. मात्र ऑनलाइन आहे म्हणून ते कायम राहील असे नाही. ऑक्टोबर २०२३मधल्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीचे कितीतरी डिजिटल साहित्य महिनोनमहिने बंद होते.

ऑनलाइन संग्रहावर फोटो चढवण्याआधी हक्क पाहावा लागतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा हक्क प्रसिद्धीपासून आधी ५० आणि १९९२च्या दुरुस्तीनंतर ६० वर्षे होता. २०१२च्या दुरुस्तीने ते कलम वगळले आणि फोटोलाही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा नियम लागू झाला. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याचा असतो. कायद्याने चालत असले तरी फोटोतल्या हयात माणसांची आणि इतर घरांतल्या बायकांची संमती विचारण्याची रीत पाळावी.

नोंदीत माणसे डावीकडून उजवीकडे, नाते, जागा, अंदाजे साल, स्टुडिओचा शिक्का, पाठीवरच्या मजकुराची लिपी आणि भाषा, माहिती सांगणारी व्यक्ती आणि केलेली दुरुस्ती एवढे यावे. साल नक्की नसेल तर '१९६०च्या सुमारास' असेच लिहावे. ही नोंद फाइलच्या मेटाडेटात आणि वेगळ्या तक्त्यातही ठेवावी, कारण व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की तो आकाराने लहान होतो आणि मेटाडेटाही गळतो. मूळ टिफच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकावर, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. वाटण्यासाठी जेपेग पुरते. मूळ फोटो आम्लरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात जमिनीपासून उंच ठेवावे आणि दर पावसाळ्यानंतर डबा उघडून पाहावा.