निकाह पाच मिनिटांचा, कागद दोन वर्षांचे

गेल्या चार-पाच वर्षांत वडनेर भोलजीत माझी एक वेगळीच ओळख तयार झाली आहे. कुणाची मुलगी आखातात द्यायची ठरली की तिची अम्मी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून माझ्याकडे येते. ‘बाजी, तुम्ही जाऊन आलात, जरा बघा ना.’ मी वकील नाही, एजंट तर नाहीच. साडेतीन वर्षं सौदी अरेबियात नवऱ्याच्या इकाम्यावर राहून आले, एवढीच माझी पात्रता. पण नांदुरा-मलकापूर रस्त्यावरच्या आमच्या या गावात तेवढी पुरते.

पिशवी उघडली की मी सगळ्यात आधी नाव बघते. मुलगा काय करतो, पगार किती, हे नंतर. आमच्या वऱ्हाडात मुसलमानाला आडनाव नसतं, आणि असलं तर दोनदा असतं. शेख अमुक शेख तमुक. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, आणि दोघांच्या आधी शेख. जुन्या सातबाऱ्यावर मधे ‘वल्द’ असायचं, बाईचं नाव असेल तर ‘जौजे’. ती पद्धत स्पष्ट होती, कोण कुणाचा ते कळायचं. पासपोर्टच्या अर्जात मात्र दोनच चौकोन असतात: आडनाव आणि नाव. यातलं कोणतं शेख कोणत्या चौकोनात टाकायचं ते सायबर कॅफेतला मुलगा ठरवतो, आणि ते पुढची दहा वर्षं टिकतं. काही जण आडनावाचा चौकोन मोकळाच ठेवतात. अशा एकेरी नावाच्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून पर्यटक आणि व्हिजिट व्हिसावाल्यांना प्रवेश बंद केला, तेव्हा कित्येक घरांत पहिल्यांदा कळलं की आपल्या मुलीला कागदावर आडनावच नाही.

बायकांचं तर आणखी अवघड. माझ्या शाळेच्या दाखल्यावर नावापुढे ‘बी’ आहे. आधारवर ‘बानो’ झालं. निकाहनाम्यात काझीसाहेबांनी अदबीने ‘बेगम’ लिहिलं. घरात आम्ही उर्दू बोलतो, शाळा मराठी, पासपोर्ट इंग्रजी आणि इकामा अरबी. एकच बाई चार लिप्यांतून जाते आणि प्रत्येक लिपीत थोडी बदलते. तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र मी नोटरीकडून करून घेतलं, तेव्हा त्याने गमतीत विचारलं होतं, नक्की एकच ना?

त्यात लग्नानंतर नाव बदलायची आपली महाराष्ट्री रीत. वडिलांचं नाव काढून नवऱ्याचं लावायचं. ही रीत आम्ही शेजाऱ्यांकडून घेतली. दीनचा तिच्याशी काही संबंध नाही. ज्या अरबस्तानात मी जाणार होते तिथे बाई लग्नानंतरही वडिलांच्या आणि आजोबांच्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे तिकडे जाण्यासाठी इकडे घाईघाईने नाव बदलायचं, आणि तिकडच्या बायकांनी विचारायचं, तुझ्या नावात नवऱ्याचं नाव कशाला? म्हणून मी आता मुलींना सांगते, दाखल्यावर जे आहे तेच ठेवा. पासपोर्टात नवऱ्याचं नाव ‘पती’ म्हणून जोडता येतं, त्यासाठी स्वतःचं नाव मोडायची गरज नसते.

मग येतो निकाहनामा. माझा निकाह 2011 च्या हिवाळ्यात झाला आणि मी विमानात बसले 2014 च्या शेवटी. त्यातलं एक वर्ष नवऱ्याच्या इकाम्यावरचा पेशा बदलण्यात गेलं. ते बी.कॉम. होते, गोदामाचा हिशोब बघायचे, पण कागदावर ‘आमिल’ म्हणजे मजूर होते, आणि मजुराला तिथे बायको आणता येत नव्हती. बाकीचा वेळ गेला आमचं लग्न खरं आहे हे सिद्ध करण्यात. दोन गवाह, एक वकील, काझीसाहेब आणि अख्खा मोहल्ला, एवढे लोक निकाहला हजर होते. पण यातलं कुणीच पुढच्या कुठल्याही खिडकीवर चालत नाही.

याचं कारण समजून घेतलं तर राग थोडा कमी होतो. काझीचा मान आपल्याकडे मोठा असला तरी 1880 च्या काझी कायद्याने त्यांना कसलाही न्यायालयीन अधिकार दिलेला नाही. निकाहनामा हा दोन पक्षांमधला करार. सरकारी दाखला त्याहून वेगळा. तो मिळतो महाराष्ट्राच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली, आणि खेड्यात तो देतात ग्रामसेवक. लग्नापासून 90 दिवसांत दोघांनी जाऊन नमुना भरायचा, साक्षीदारांच्या आणि निकाह पढवणाऱ्यांच्या सह्या, फोटो. त्यानंतर गेलात तर दंड भरून होतं. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2006 मध्ये सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं, तरी आमच्या मोहल्ल्यात अजूनही नोंदणी म्हणजे ‘बाहेरगावी जायचं असेल तर’ करायची गोष्ट. ज्या मुली कुठेच जाणार नाहीत त्यांचं लग्न वहीत नसतंच. आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकोला कोर्टात पहिला प्रश्न हाच विचारतात, लग्नाचा पुरावा काय.

दाखल्यावर मग शिक्के चढतात. माझ्या वेळी आधी मुंबईत राज्य सरकारचा, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचा, मग वकिलातीचा, आणि अरबी भाषांतर वेगळं. मलकापूरहून रात्रीची गाडी पकडून अब्बू किती वेळा मुंबईला गेले याचा हिशोब कुणी ठेवला नाही. आता सौदीपुरतं सोपं झालं आहे. 7 डिसेंबर 2022 पासून सौदी अरेबिया अपोस्टिल करारात आला. भारत 2005 पासून होताच. म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा एक अपोस्टिल शिक्का पुरतो, वकिलातीची पायरी गेली. पण दुबईला जाणाऱ्यांनी हे ऐकून खूश होऊ नये. अमिरात त्या करारात नाही, तिथे वकिलात आलीच. हा फरक लपवून दोन्हीकडचे सारखेच पैसे घेणारे एजंट आहेत, एवढंच म्हणते.

भाषांतराबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे बाईचे पैसे बुडू शकतात. उर्दू निकाहनाम्यात मेहेरचे दोन प्रकार असतात. एक ताबडतोब द्यायचा, एक पुढे कधीतरी. दोन्हींना बोलताना आपण ‘मुअज्जल’च म्हणतो. उर्दूत एक ऐनने लिहितात, दुसरा हमजाने, त्यामुळे वाचणाऱ्याला फरक दिसतो. देवनागरीत उतरवला की दोन्ही शब्द अक्षरशः एकच होतात. भाषांतर करणारा उर्दू न जाणणारा असेल आणि कुणीतरी वाचून दाखवलेल्यावरून लिहीत असेल, तर बाकी असलेला मेहेर कागदावर ‘दिला’ होऊन जातो. माझ्याकडे आलेल्या पिशव्यांत असे दोन कागद मी स्वतः पाहिले आहेत. म्हणून मी सांगते, निकाहनाम्यातच मराठीत ‘रोख’ आणि ‘बाकी’ लिहा, आकडा अक्षरांत लिहा.

निकाहच्या कागदावर सरहद्दीवर शंका घेणं ही आजची गोष्ट नाही. 1913 मध्ये दक्षिण आफ्रिकेत हसन इसप नावाच्या एका भारतीय मुसलमानाची बायको, बाई मरियम, हिंदुस्थानातून नवऱ्याकडे निघाली आणि तिला उतरू दिलं नाही. 14 मार्च 1913 ला केप प्रांताच्या न्यायालयात न्या. सर्ल यांनी निकाल दिला की ज्या धर्मात एकाहून जास्त बायका करायची मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न तिथल्या कायद्याला मान्य नाही. हसन इसपला बायको एकच होती, त्याने काही फरक पडला नाही. निकाल एका मुसलमान बाईचा, पण त्याने हिंदू आणि पारशी बायकाही एका दिवसात बिनलग्नाच्या ठरल्या. गोपाळ कृष्ण गोखले आदल्याच वर्षी तिथली परिस्थिती बघून आले होते. गांधीजींच्या लढ्यात बायका पहिल्यांदा उतरल्या त्या याच निकालामुळे; कस्तुरबांनी त्यात तीन महिने सक्तमजुरी भोगली. 1914 च्या कायद्याने अशी लग्नं, एकच बायको असेल तर, मान्य झाली. बाई मरियमचं नाव आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हतं. असायला हवं होतं, कस्तुरबांच्या शेजारी.

माझं लग्न मान्य झालं आणि मी पोचले. इकामा हातात आला तेव्हा त्यावर अरबीत काय लिहिलं आहे ते वाचता आलं, कारण कुराणशरीफ वाचत असल्याने अक्षरं ओळखीची होती. काम करायची परवानगी नाही, असं लिहिलेलं होतं. मी डी.एड. होते. नवऱ्याने मला कधी अडवलं नाही, माणूस भला आहे. पण देशाबाहेर जाऊन परत यायचा माझा परवाना, ज्याला सगळे ‘एक्झिट री-एंट्री’ म्हणतात, तो त्यांच्या अबशर खात्यातून निघायचा. माझ्या येण्याजाण्याचं बटण त्यांच्या मोबाइलमध्ये होतं. निकाहमध्ये मी करारातला एक पक्ष होते, माझ्या होकाराशिवाय तो झालाच नसता. इकाम्यावर मी त्यांच्या मागे जोडलेली पुरवणी होते.

नवरा भला नसेल तर हेच बटण काय करतं ते सांगते. बाळंतपणासाठी मुलीला माहेरी पाठवायचं. परवाना दोन-तीन महिन्यांचा. तो वाढवायचा नाही. मुदत संपली की तिची परत जायची वाट बंद. भांडण नाही, तलाक नाही, फक्त फोन उचलणं बंद. आमच्या भागातली अशी एक मुलगी आज मुलाला घेऊन भावाच्या घरी आहे. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याप्रमाणे नवऱ्याने दोन वर्षं खर्च दिला नाही तर बाई कोर्टातून सुटका मागू शकते. पण नोटीस बजावायला त्याचा पत्ता लागतो, आणि तिच्याकडे त्याच्या कंपनीचं नावसुद्धा नव्हतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करायची तरी तेच तपशील मागतात. कायदा आयोगाने 2009 मध्ये परदेशी नवऱ्यांच्या लग्नांवर अहवाल दिला, 2019 मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये आयोगाला पुन्हा नवा अहवाल द्यावा लागला, की नोंदणी सक्तीची करा आणि दोघांच्या पासपोर्टवर नोंदणी क्रमांक घाला.

आम्ही परतलो ते भांडणाने नाही, हिशोबाने. जुलै 2017 पासून सौदी सरकारने सोबत राहणाऱ्या प्रत्येक माणसावर महिन्याला 100 रियाल कर लावला आणि तो दरवर्षी शंभराने वाढवत 2020 ला 400 वर नेला. मी आणि दोन मुली, म्हणजे पहिल्या वर्षी 3,600 रियाल, चौथ्या वर्षी 14,400, आणि तेही इकामा नवा करताना आगाऊ. 2018 च्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीतली निम्मी कुटुंबं रिकामी झाली. नवरे तिथेच राहिले, एका खोलीत चार-चार. आमचेही.

आता माझी भाची दुबईला चालली आहे. मुलाचा पगार 4,000 दिरहमच्या वर आहे, बायको नेण्यासाठी तेवढा लागतोच, किंवा 3,000 आणि राहायची जागा. भाऊजान म्हणाले, बस, सगळं ठीक आहे. मी म्हटलं, निकाहनाम्यातला शर्तींचा रकाना कोण भरणार? तो सगळीकडे रिकामाच सोडतात, आडवी रेघ मारून. शरीयतविरुद्ध नसलेल्या वाजवी शर्ती त्यात घालता येतात, हे काझीसाहेबही मान्य करतात, पण मुलीकडच्यांना बोलायचा संकोच वाटतो. मुलाकडचे काय म्हणतील? भाऊजान दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग भाचीनेच मुलाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, लिहा, माझी हरकत नाही.

तीन ओळी झाल्या. व्हिसा रद्द करायचा असेल तर आधी तिला लेखी कळवीन. परतीच्या तिकिटाचा खर्च माझा. व्हिसाच्या आणि नोकरीच्या कराराच्या प्रती तिच्याजवळ राहतील. काझीसाहेबांनी चष्मा लावून वाचलं, ‘कळवीन’चं ‘कळवणे बंधनकारक राहील’ केलं, आणि विचारलं, उर्दूत लिहू का मराठीत? दोन्हीत लिहा, असं भाची म्हणाली.