कृष्णाकांठची प्रकाशवाट

साताऱ्याहून सांगलीस जाणें म्हणजे बव्हंशीं कृष्णामाईच्या सोबतीनें जाणें होय. अजिंक्यतारा पाठीमागें टाकावा, कऱ्हाडास प्रीतिसंगमाचें दर्शन घ्यावें, पेठनाक्यास महामार्ग सोडून आष्ट्यावरून ऊंसाच्या फडांमधून पुढें जावें आणि सांगलीच्या गणपतीपुढें हात जोडावे, हा क्रम आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या परिचयाचा असेल. परंतु या वाटेच्या कडेनें, कमरेहून खोल मातीखालीं, आणखी एक वाट गेली आहे. गेल्या प्रवासांत आम्हीं तिचाच मागोवा घेण्याचें ठरविलें.

उंब्रजेच्या अलीकडे रस्त्याच्या खोदाईंत तुटलेली तार सांधण्याचें काम चाललें होतें, तेथें आम्ही उतरलों. छत्रीच्या सावलींत बसलेल्या तरुण कारागिरानें काळ्या वेष्टनांतून केंसासारखे कांचतंतू बाहेर काढले. प्रत्येकाची जाडी मिलिमीटरचा आठवा भाग. त्यांतील गाभा तर त्याच्याहि चौदाव्या हिश्शाएवढा. कासारानें बांगडी जपावी तशा निगुतीनें त्यानें दोन टोंकें साफ कापलीं, यंत्रांत समोरासमोर धरलीं आणि विजेच्या ठिणगीनें वितळवून एकजीव केलीं.

आमच्याबरोबरच्या काकूंना राहवलें नाहीं. "अरे बाळ, एवढ्याशा कांचेतून जातं तरी काय?"

"नुसता उजेड जातो, काकू. पण अर्ध्या जिल्ह्याचं बोलणं त्या उजेडात असतं."

उजेड सरळ रेषेंत जातो, हें आपण शाळेंत शिकतों. मग तो घाटवळणें घेत कसा जातो? तंतूचा गाभा व त्याभोंवतींचें कवच हीं दोन्ही कांचेचींच. पण कवचाची कांच प्रकाशाच्या दृष्टीनें किंचित् विरळ असते. त्यामुळें तिरपा आलेला किरण कवचाच्या सीमेवरून माघारीं फिरतो व गाभ्यांतच कोंडून राहतो. हा उजेड डोळ्यांस दिसत नाहीं. तो तांबड्याच्याहि पलीकडचा. त्याची उघडझांप हीच त्याची लिपि, आणि ती सेकंदास अब्जावधि वेळां होते. शिवाय किंचित् भिन्न रंगांचे अनेक किरण एकाच तंतूंतून, एकमेकांस धक्का न लावतां, जाऊं शकतात.

कांचेंत प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर. सातारा ते सांगली हे सुमारें १२० किलोमीटर तोडण्यास त्याला सेकंदाचा हजारावा भागहि लागत नाहीं. मात्र वाटेंत तो झिजतो. दर १५ किलोमीटरांस निम्मा, या हिशेबानें साताऱ्यास निघालेल्या २५० भागांपैकीं सांगलीस जेमतेम एक पोंचेल. म्हणून ८०–१०० किलोमीटरांवर, एर्बियम नांवाच्या धातूचा अंश मिसळलेल्या तंतूंतून नेऊन त्यास पुन्हां सतेज करतात.

अशी कांच सहजासहजीं मिळाली नाहीं. १९६६ सालीं चार्ल्स काव व जॉर्ज हॉकॅम यांनीं दाखविलें कीं, प्रकाश गिळण्याचा दोष मूळ कांचेचा नव्हे, तींतील मळाचा. १९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीनें किलोमीटराअखेर शतांश प्रकाश उरेल असा तंतु काढला. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांत, १९७९ सालीं, टेलिफोन केंद्रें जोडणारी आपल्या देशांतील पहिली प्रकाशतंतूची वाट पुण्यांत सुरू झाली. काव यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक लाभलें.

परदेशीं असलेल्या मुलाचें बोलणें उपग्रहावरून येतें, अशी पुष्कळांची समजूत असते. खरें पाहतां तें बहुधा समुद्राच्या तळाशीं असलेल्या अशाच तारांतून मुंबईच्या किनाऱ्यास लागतें आणि मग घाट चढून कृष्णाकांठीं येतें.

सांगलीस आयर्विन पुलावर उभे राहिलों, तेव्हां नदी शांत होती. ऑगस्ट २०१९ मध्यें याच पुलाशीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें होतें. पाण्यानें कांचेंतील उजेड विझत नाहीं. पण दोन्ही टोंकांच्या यंत्रांस वीज लागते. ती गेली, साठविलेली सरली, कीं तार शाबूत असूनहि गांव मुकें होतें. आणि पुरांत वेढलेल्या गांवास होडी मागवितां येणें हा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

२०११ सालीं केंद्र सरकारनें सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायतींपर्यंत तंतु नेण्याची योजना हातीं घेतली. तिचेंच नांव पुढें भारतनेट झालें. परततांना आम्ही नदीकांठच्या दोन गांवीं थांबलों. एके ठिकाणीं पंचायतीच्या ओसरींत बसून एक मुलगी परीक्षेचा अर्ज भरीत होती. दुसऱ्या गांवीं भिंतीवरच्या पेटीवर धूळ होती, दिवा विझलेला होता, आणि तो कधींपासून विझला हें कोणासच सांगतां येईना. दोन्ही दारांपर्यंत तार सारखीच आलेली होती.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचें मूळ गांव याच कांठावर असेल. कुलधर्मास वा यात्रेस जाल तेव्हां देवळांतून परततांना पंचायतीच्या कचेरींत क्षणभर डोकवावें, पेटींतला दिवा लागतो कीं नाहीं तें पाहावें, आणि लागत नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांस आदरानें पण नेटानें विचारावें. पावसाळ्यापूर्वीं विचारलेलें अधिक बरें.