लहान पॅकेटची कॉपी

भवानी पेठेत, यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारी बसून मी लिनक्सच्या नेटवर्क ड्रायव्हरचं काम करतो. या कामात पहिला धडा मिळतो तो असा की कर्नलमध्ये डेटा कॉपी करायचा नाही. त्याला आधार आहेच. ‘एसकेबी_कॉपी’ पॅकेटचा डेटासुद्धा नव्या जागी उतरवते. ‘एसकेबी_क्लोन’ डेटा सामाईक ठेवून वापरणाऱ्यांचा आकडा एकानं वाढवते. दीड हजार बाइट हलवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. तरीही लहान पॅकेट आलं की मी ठामपणे कॉपीची बाजू घेतो. नेटवर्क कार्ड पॅकेट डीएमएनं आधीच मांडून ठेवलेल्या बफरमध्ये टाकतं. येणारं पॅकेट केवढं असेल हे ठाऊक नसतं, म्हणून हा बफर बहुधा २०४८ बाइटचा असतो. त्यात यूडीपीवरून ४० बाइटचा संदेश आला, तर हेडरसकट भरतात जेमतेम ८२ बाइट. बफर तसाच वर पाठवला, तर ॲप्लिकेशन वाचेपर्यंत तो अडकून पडतो. एका नॅपकिनपायी चादरींची अख्खी पेटी अडावी तसा. शिवाय कर्नल सॉकेटच्या खात्यावर मांडतो ती अडलेली जागा, संदेशाची लांबी नव्हे. त्यामुळे मर्यादा लवकर भरते आणि पुढची पॅकेटं टाकून दिली जातात. म्हणूनच इंटेलच्या ‘ई१०००ई’ ड्रायव्हरमध्ये ‘कॉपीब्रेक’ आहे: साधारण २५६ बाइटपर्यंतचं पॅकेट छोट्या बफरमध्ये उतरवायचं आणि मोठा बफर लगेच कार्डाला परत द्यायचा.

यावर आक्षेप येतो वेगाचा. दहा गिगाबिटच्या लाइनवर सर्वांत लहान, ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख येऊ शकतात. एवढ्या कॉपी परवडतील का? हिशेब केला तर ते होतात सेकंदाला जेमतेम १ जीबी. डीडीआर४-३२०० च्या एका चॅनलची कमाल क्षमता २५.६ जीबी आहे. शिवाय हेडर तपासताना एवढा लहान डेटा तसाही कॅशमध्ये यावाच लागतो. त्या वेगाला दमछाक होते ती पॅकेटमागच्या ठरीव खर्चानं: बफर मिळवणं, डीएमएचं मॅपिंग, वापरणाऱ्यांचा आकडा अटॉमिक पद्धतीनं बदलणं. दुसरा आक्षेप झीरो-कॉपीचा: कॉपी टाळता येत असेल तर ती करायचीच कशाला? २०१७ च्या लिनक्स ४.१४ मध्ये डेटा पाठवण्यासाठी ‘एमएसजी_झीरोकॉपी’ आलं, पण त्याचा फायदा साधारण १० केबीच्या वरच्या लिखाणालाच होतो, असं त्याच्याच दस्तऐवजात म्हटलं आहे. कारण पानं जखडून ठेवायची आणि काम संपल्याची सूचना हाताळायची, यालाही किंमत पडते. मोठ्या फाइलसाठी ‘सेंडफाइल’ योग्यच, तिथे माझा वाद नाही. २५६ हा आकडाही पवित्र नाही. ड्रायव्हर लोड करताना तो बदलता येतो, ० दिलं की कॉपी बंद होते. शंका असणाऱ्यानं तसं करून आपल्या खऱ्या वाहतुकीवर मोजावं, आणि वेगासोबत गळालेल्या पॅकेटांचाही आकडा पाहावा.