टायरवरचे आकडे

श्रीरामपूरच्या रस्त्यांवर सायकलच्या टायरला तीन शत्रू आहेत. पहिला सराटा. पावसाळा सरला की तो पाटाच्या कडेने वाळतो आणि कसाही पडला तरी एक टोक वर ठेवूनच पडतो. दुसरा वेड्या बाभळीचा काटा, लांब आणि सरळ. तिसरा गळिताच्या हंगामात येतो. उसाच्या टायरगाड्या ओढणाऱ्या बैलांच्या खुरांची पत्री झिजते आणि तिचा खिळा डांबरावर गळून पडतो. माझ्या घडीच्या सायकलीचे टायर आणि पायडलं बदलायची झाली तेव्हा दुकानात पाऊल टाकण्याआधी या तिघांचा विचार मनात होता. कोणत्या रस्त्यावर चालायचं आहे हे नीट ठाऊक असल्याशिवाय टायर निवडता येत नाही, हे मी फार लहानपणी शिकले.

आमचं गाव रेल्वेच्या आणि पाटाच्या आधाराने वाढलं. दौंड-मनमाड लोहमार्गावरचं स्टेशन इथे, आणि ज्याच्या नावाचं ते स्टेशन ते बेलापूर दूर प्रवरेच्या काठी. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेच्या पाटांनी पाणी खाली आणलं, ऊस पसरला. हरेगावला, टिळकनगरला साखर कारखाने उभे राहिले आणि स्टेशनाजवळच्या पेठेचं श्रीरामपूर झालं. रेल्वेच्या वेळापत्रकात मात्र नाव बेलापूरच राहिलं. कारखान्याचा भोंगा झाला की पाळीवर जाणाऱ्यांच्या सायकलींची रांग लागायची. काळ्या, उंच, सळईच्या ब्रेकच्या त्या सायकली, प्रत्येकीच्या हँडलला डब्याची पिशवी. त्या रांगेत आमचे अण्णा असत.

अण्णा साखर कारखान्यात फिटर होते. त्यांच्या अठ्ठावीस इंची सायकलीवर नळीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत मी सायकल शिकले. तिची पायडलं रबरी ठोकळ्यांची होती. ठोकळे झिजले तर ठोकळे बदलायचे, पायडल तेच राहायचं. मृगाच्या आधी एखाद्या रविवारी अण्णा अंगणात जुनं वर्तमानपत्र पसरायचे, पायडलं खोलायचे, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे आणि मी ते मोजून परत त्यांच्या हातात द्यायचे. छर्रा हरवला तर पायडल खडखडतं, ग्रीस कमी पडलं तर आख खातो, हे ते सांगत नसत. ते हातांनी दाखवत.

एकदा मी विचारलं, डाव्या पायडलाचे आटे उलटे का? साधा स्क्रू उजवीकडे फिरवला की घट्ट होतो, हे मात्र डावीकडे. अण्णांनी पेन्सिल सैल मुठीत धरली आणि तिचं वरचं टोक बोटाने गोल फिरवायला सांगितलं. मी टोक एका बाजूने फिरवत होते आणि पेन्सिल मुठीत हळूहळू उलट्या बाजूने वळत होती. “पायडलाच्या आखाचं असंच होतं, बाई,” ते म्हणाले. “पायाचा भार त्याच्याभोवती फिरतो, आणि आख आपल्या आट्यात उलट सरकू बघतो. डावीकडे सरळ आटे ठेवले तर पायडल चालता चालता सुटून येईल.” पुढे वाचनात आलं की राईट बंधूंनी विमान उडवण्याआधी, १९०० मध्ये, डेटनच्या आपल्या सायकल दुकानातून अशीच न सुटणारी पायडलं जाहीर केली होती. अण्णांना मी ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो. दूरदेशीच्या दोन मिस्त्रींचा हात आपल्या हाताला लागला, असा तो आनंद होता.

पाना कसा धरायचा हेही त्यांनीच शिकवलं. पाना वरच्या बाजूला धरायचा. घट्ट करताना पुढच्या चाकाकडे, सोडवताना मागच्या चाकाकडे. डावं असो की उजवं, नियम एकच. या एका वाक्यावर मी कॉलेजच्या दिवसांत मैत्रिणींच्या कितीतरी सायकली दुरुस्त केल्या.

मधली वर्षं स्कूटीची गेली. मग नगरला बदली झाली. सकाळच्या गाडीने जायचं, आणि नगरचं स्टेशन शहराच्या एका टोकाला तर ऑफिस सावेडीत, दुसऱ्या टोकाला. तेव्हा ही घडीची सायकल आली. वीस इंची चाकं, मधोमध बिजागरी, दुमडणारी पायडलं. घर ते स्टेशन पायडल मारायचं, फलाटावर घडी घालायची, डब्यात दाराच्या आतल्या कोपऱ्यात उभी करायची, नगरला उतरून पुन्हा उलगडायची. एवढ्याशा चाकांवर आपण कसे निभावणार, असं आईला वाटायचं. मला वाटलं, अण्णांच्या सायकलीची लेक घरात आली.

लहान चाकाचा स्वभाव वेगळा असतो. अठ्ठावीस इंची चाक एका फेरीत सव्वादोन मीटरच्या आसपास जातं, माझं दीड मीटरहून थोडंच जास्त. म्हणजे तेवढ्याच वाटेत माझा टायर जास्त फेऱ्या मारतो आणि लवकर झिजतो. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून निघून जातं त्यात लहान चाक खोल उतरतं. म्हणून त्याला हवा पुरेशी लागते आणि टायरची रुंदीही. पातळ टायर घेतला तर मनगटं दुखतात. मोठ्या खाचांचा घेतला तर आमच्या काळ्या मातीचा चिखल खाचांत भरून मडगार्डात अडकतो आणि चाक जागेवर थांबतं. मला हवा होता मधला टायर: पावणेदोन इंच रुंद, मधली पट्टी जवळजवळ सपाट, कडेला उथळ खाचा, आणि रबराखाली काटा अडवणारा जाड थर. असा टायर थोडा जड चालतो. पण सराट्यांच्या गावात थोडं जड चालणं मला सकाळची गाडी गाठून देतं.

दुकानात मात्र खरा प्रश्न आकड्यांचा असतो. वीस इंची टायर द्या, एवढं म्हणून भागत नाही, कारण वीस इंची म्हणवणारी चाकं एका मापाची नसतात. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत आणखी एक जोडी कोरलेली असते. माझ्या टायरवर ४७-४०६ आहे. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. काही घडीच्या सायकलींचं वीस इंची चाक ४५१ चं असतं. त्याच्यावर माझा टायर चढणारच नाही. त्याहून नवल म्हणजे २० × १.७५ आणि २० × १¾. शाळेच्या गणितात दोन्ही पावणेदोनच. सायकलीत पहिल्याची रिम ४०६, दुसऱ्याची ४१९. वेगवेगळ्या देशांच्या कारखान्यांनी आपापल्या सोयीने मापं ठरवली, नावं मात्र तीच ठेवली. हा गुंता सोडवण्यासाठी मिलिमीटरची ही जोडी आली, आणि तिच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते.

४०६ चं मोठं सुख असं की लहान मुलांच्या वीस इंची सायकलींना सहसा हेच माप असतं. म्हणजे जाड थराचा चांगला टायर मला कुरिअरने मागवावा लागला, तरी अडीनडीला मेनरोडवरच्या कोणत्याही सायकल दुकानात मुलांच्या सायकलीचा टायर मिळतो आणि तो बसतो. १८८७ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने वापरता येण्याजोगा हवेचा टायर बनवला तोही आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीच. मोठ्यांच्या कामाचं पुष्कळ काही मुलांच्या चाकांपासून सुरू होतं.

पायडलांचा विचार मी टायरइतकाच मनापासून केला, कारण पायाला सायकल तिथेच भेटते. चपलेचा तळ, पावसातला ओला तळ, साडीची निरी, पंजाबी ड्रेसची सलवार, सगळं तिथेच येतं. धारदार दात्यांची लोखंडी पायडलं चपलेचा तळ कापतात. गुळगुळीत प्लास्टिक पावसात पाय सोडतं. न दुमडणारं रुंद रबरी पायडल सगळ्यांत सुखाचं, अगदी अण्णांच्या सायकलीसारखं. पण ते गाडीच्या गर्दीत शेजारच्याच्या नडगीला लागतं. सायकल माझी असली तरी डब्यातली जागा सगळ्यांची आहे. म्हणून मी दुमडणारीच घेतली. आधीच्या प्लास्टिकच्या जोडीची बिजागरी ढिली झाली होती. नवी जोडी ॲल्युमिनियमच्या अंगाची, पोलादी आखाची, तळाला खरखरीत पकड असलेली. घेताना प्रत्येक पायडल उघडून, दाबून, हलवून पाहिलं. भार घेताना बिजागरीत खेळ असेल तर उभ्याने पायडल मारताना ते धोक्याचं.

नवी पायडलं लावताना आटे पुसले, बोटभर ग्रीस लावलं, आखाच्या टोकावरची उजव्या-डाव्याची खूण पाहिली आणि पहिले वेढे हातानेच दिले. पाना नंतर. आटा वाकडा बसला तर क्रँक वाया जातो. मग सहज म्हणून माळ्यावरून अण्णांच्या सायकलीचं एक जुनं रबरी पायडल काढलं आणि माझ्या क्रँकला लावून पाहिलं. ते बसलं. नऊ सोळांश इंच जाडी, इंचाला वीस आटे: काळ्या सायकलीचं आणि घडीच्या सायकलीचं माप एकच. मधे कितीतरी कारखाने उघडले आणि बंद पडले, धातू बदलले, चाकं लहान झाली. त्या आट्याला मात्र कुणी हात लावला नाही.

मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. एकच माप पाळणं म्हणजे न भेटलेल्या माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे. पायडल करणाऱ्याला माझी सायकल ठाऊक नाही, क्रँक करणाऱ्याला पायडल करणारा ठाऊक नाही, आणि तरी दोघांचं काम माझ्या पायाखाली एक होतं. जिथे हा शब्द पाळला गेला तिथे वस्तू पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होत राहिली. जिथे मोडला गेला तिथे धडधाकट सायकली एका टायरवाचून अडगळीत गेल्या. अण्णा कारखान्यात आयुष्यभर हेच राखत होते. त्यांनी कापलेला आटा दुसऱ्या पाळीतल्या फिटरच्या नटाला बसलाच पाहिजे, ही त्यांची नेकी होती.

म्हणून घडीची सायकल घेऊ का असं गावातलं कुणी विचारायला आलं की मी रंग आणि गिअर नंतर बोलते. आधी सांगते, टायरच्या कडेवरचा दुसरा आकडा वाच आणि तो टायर आपल्या गावच्या दुकानात टांगलेला आहे का पाहा. पायडलाचे आटे नेहमीचेच आहेत ना, विचार. हवेचा व्हॉल्व मोटरसायकलसारखा असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येईल. या तीन गोष्टी जमल्या तर ती सायकल तुझ्याबरोबर म्हातारी होईल. आणि घेतलीस की एक रविवार ये, पाना घेऊन. पायडल कसं सोडवायचं आणि कसं लावायचं ते मी शिकवीन, म्हणजे पुढे तूही कुणाला शिकवशील.