अठ्ठ्याण्णव

आठवीत असताना लातूरच्या शाळेत आम्ही पाणी उकळलं. तसं ते घरोघर रोजच उकळतं. पण आमच्या पाण्याला शास्त्रीय प्रतिष्ठा होती. पुस्तकात छापलं होतं, पाणी 100 अंशांना उकळतं. आमचं 98 लाच खळखळू लागलं आणि पारा तिथंच ठाण मांडून बसला.

"आच वाढवा!" गुरुजी म्हणाले. आच वाढली, वाफ वाढली, पारा हलेना. शेवटी पाणीच आटत आलं. तेव्हा आम्ही वहीत '100' लिहून सगळ्यांचीच सुटका केली. फक्त माझ्या बाकावरच्या मित्रानं 98 लिहिलं. त्याला अंगठे धरायला लावलं. तशा अवस्थेत मान वळवून त्यानं विचारलं, "तूही बघितलंस ना रे?" मी खिडकीबाहेर बघितलं. मला 10 पैकी 10 मिळाले.

परवा लातूरला बहिणीकडे गेलो, तर भाचीनं घरी केलेल्या प्रयोगाच्या वहीत तेच 98!

"100 कर," मी अनुभवाचा सल्ला दिला.

"कामून, मामा? पाऱ्यानं दाखवलं ते लिहिलं. चूक थर्मामीटरची की गावाची, ते शोधू की!"

शोधायचं कसं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं, हे तिनंच मला शिकवलं. थर्मामीटर तोच, पाणी तेच. बदलायचं फक्त गाव. म्हणून लातूरचं पाणी बाटलीत भरून मी एस.टी.नं नांदेडला घरी आलो. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथून गोदाकाठी पाणी आणणारा मी पहिलाच शहाणा असेन! बायकोनं नुसता कपाळाला हात लावला.

नांदेडला पारा 99 च्या जवळ गेला. तीनदा उकळलं, तीनदा तेच.

कारण साधं होतं. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून 600 मीटरांहून उंच. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, 350 च्या आसपास. जितकं उंच जावं तितका हवेचा दाब कमी, आणि तितकं पाणी लवकर उकळतं. दर 300 मीटरांना साधारण एक अंशाचा फरक. पुस्तकातलं 100 समुद्रकाठचं होतं. पारा बिचारा आमच्या गावाची उंची सांगत होता, आणि आम्ही त्यालाच खोटं पाडलं.

रात्री त्या मित्राला फोन केला. म्हटलं, "तुझं 98 बरोबर होतं."

"ते मला तेव्हाच माहीत होतं," तो म्हणाला. "तू कधी सांगतोस, तेवढंच बघत होतो."