कोरी कार्डे

माझ्याकडे एक लांबट वही आहे, शाळेच्या हजेरीपटासारखी. तिच्यात मुलांची नावे नाहीत. वापरलेल्या चित्र-पोस्टकार्डांची नोंद आहे. रकाने मीच आखले आहेत: अनुक्रमांक, चित्र, छापणारा, तिकीट, शिक्का, मजकुराची लिपी आणि शेवटी ‘दर्जा’. या शेवटच्या रकान्याविषयी मला लिहायचे आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना मी किती उत्तरपत्रिका तपासल्या याचा हिशेब नाही. त्यांतही चुका झाल्या असतील. पण ज्या चुकीची रुखरुख अजून जात नाही, ती या वहीतली आहे.

पोस्टकार्डे जमवणाऱ्यांच्या जगात दर्जाची उतरंड ठरलेली असते. मिंट, एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, अ‍ॅव्हरेज, पुअर. मिंट म्हणजे छापखान्यातून बाहेर पडले तसेच कार्ड. चारही कोपरे टोकदार, कुठे घडी नाही, डाग नाही, मागे एक अक्षर लिहिलेले नाही. एक्सलंट कार्ड टपालाने गेलेले असले तरी चालते, पण कोपरे शाबूत हवेत. तिथून खाली कोपरे बोथट होत जातात, सुरकुत्या दिसू लागतात. शिक्क्याची शाई चित्रावर उतरली की कार्ड अ‍ॅव्हरेजमध्ये जाते. मळलेले, डागाळलेले ते पुअर. एकाच कार्डाला विकणारा एक पायरी वर चढवतो आणि घेणारा एक पायरी खाली उतरवतो, हेही ठरलेलेच.

हा नाद मला बी.एड. करताना लागला. मुंबईत मामूंकडे डोंगरीला राहत होते. जुम्म्याच्या पहाटे चोरबाजारात रस्त्यावर जुने सामान मांडून बसतात. मामू घड्याळांचे सुटे भाग शोधायला जायचे, मी त्यांच्याबरोबर. एका चादरीवर पत्र्याच्या डब्यात पोस्टकार्डे होती. विकणारे चाचा वयस्कर, बोलके. मी शिक्षिका होणार म्हटल्यावर त्यांनीच मला शिकवायला घेतले. “पहिले पीछे देखो,” हा त्यांचा पहिला धडा.

मागची बाजू खरेच खूप सांगते. साधे पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघाले. आपल्याकडे ते १८७९ मध्ये पाव आण्याला आले. चित्राची कार्डे आली तेव्हा सुरुवातीला मागची संपूर्ण बाजू पत्त्यासाठी राखलेली असे. खुशाली लिहायची तर चित्राच्या कडेला, जागा मिळेल तिथे कोंबायची. मग मधोमध रेघ आली, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता. ही मुभा ब्रिटनने १९०२ साली दिली, अमेरिकेने १९०७ साली. म्हणून रेघ नसलेले कार्ड बहुधा जुने. तिकिटावर एडवर्ड आहे की पाचवा जॉर्ज, आणे आहेत की १९५७ नंतरचे नवे पैसे, यावरूनही काळ कळतो. चित्र भिंगाखाली धरायचे. ठिपके दिसले तर छपाई, ठिपके नसतील तर खरा फोटो. किंमत लिहायची तर मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने. पेन कार्डाला लावायचे नाही. आणि लॅमिनेशन तर कधीच नाही.

मी वापरलेलीच कार्डे घ्यायची. एक तर स्वस्त पडायची. दुसरे म्हणजे त्यांवर माणसे असायची. कोणाची तब्येत सुधारलेली, कोणाची मनीऑर्डर पोहोचलेली, कोणी उत्तर येत नाही म्हणून रुसलेले. पुढे नोकरी लागल्यावर पत्रलेखनाच्या तासाला मी ही कार्डे वर्गात फिरवू लागले. चित्रापेक्षा मुलांना मागचे वाचण्यात गोडी. हळूहळू माझे एक मत पक्के झाले. लिहिलेले कार्ड बोलते, कोरे कार्ड मुके असते. बाजारात मिंटला भाव मिळो, मला त्याचे काही नाही. या मताचा मला थोडा अभिमानही होता.

आमचे गाव मंडणगड तालुक्यात, खाडीच्या काठी. आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर होते. त्या बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आली. दादा पन्नासच्या दशकात खलाशी म्हणून चढले आणि सत्तरच्या दशकात तांडेल होऊन उतरले. ते घरी पोस्टकार्डे पाठवत. ती सगळी दादीच्या ट्रंकेत होती, एका बिस्किटाच्या डब्यात. मोजली तर तेहेतीस.

दादांना लिहिता येत नव्हते. त्यामुळे प्रत्येक कार्डावर अक्षर वेगळे. काही उर्दूत आहेत, इंजिनखात्यातल्या कोणा पंजाबी साथीदाराने लिहिलेली. काही देवनागरीत, आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या हातची. दोन कार्डे कोणा गोवेकर स्ट्युअर्डने रोमन अक्षरांत लिहिली आहेत, पण मोठ्याने वाचली की आमचीच बोली ऐकू येते. घरात कोकणी, शाळेत उर्दू आणि टपाल कचेरीत मराठी असा आमचा संसार. तो तीन लिप्यांत त्या डब्यात बंद होता. देवनागरी कार्ड आले की पोस्टमन पडवीत उभा राहून वाचून दाखवायचा. उर्दू आले की मदरशातल्या मौलवीसाहेबांकडे जायचे. पत्ता दर वेळी दादांच्या वडिलांच्या नावाचा. मजकूरही जवळजवळ एकच: मी खुशाल आहे, पैसे पाठवले आहेत, घरात सर्वांना सलाम.

पण जमवणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर डबा श्रीमंत होता. पोर्ट सैदच्या एका कार्डावर सुएझ कालव्याच्या तोंडाशी उभा असलेला दि लेसेप्सचा पुतळा आहे. तो पुतळा डिसेंबर १९५६ मध्ये उडवण्यात आला, म्हणजे फोटो त्याआधीचा. एका कार्डावर तिकीट इंग्लंडच्या राणीचे, शिक्का एडनचा आणि बाजूला ‘पाकबो’ असा ठसा. हा ठसा भर समुद्रात बोटीवर टाकलेल्या टपालाचा. बोट ज्या देशाची त्या देशाचे तिकीट, आणि पुढच्या बंदरात उतरल्यावर तिथला शिक्का. एका कार्डावर केप टाउनचा टेबल माउंटन आहे, पण टाकले आहे लंडनला. जून १९६७ पासून जून १९७५ पर्यंत सुएझ कालवा बंद होता आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालून जात. आणि एक कार्ड ‘चुसान’ या बोटीचे. पांढरे अंग, पिवळे धुराडे. तिच्या पुढच्या भागावर शाईने फुली मारली आहे. मी इथे असतो, एवढे सांगण्यासाठी. नियमाने पाहिले तर चित्रावर शाई, म्हणजे दर्जा घसरला. १९५० साली पहिल्या सफरीवर निघालेली ती बोट १९७३ मध्ये तैवानला भंगारात गेली. फुली तेवढी आमच्याकडे राहिली.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. घरावरची कौले पानांसारखी उडाली, माडपोफळी आडव्या झाल्या. आम्ही माणसांना आणि धान्याला सांभाळले. ट्रंकेकडे लक्ष गेले ते दुसऱ्या दिवशी. बिस्किटाच्या डब्यात पाणी शिरले होते. कार्डे एकमेकांना चिकटली होती. ओली असतानाच एकेक सोडवून मी वहीच्या कोऱ्या पानांत वाळवली. शाई पसरली, गंजाचे डाग पडले. तेहेतीसपैकी एकोणतीस पुअर झाली.

ट्रंकेच्या अगदी तळाशी मेणकापडाची एक घडी निघाली. तिच्यात चौदा कार्डे होती. कोरडी ठणठणीत. पोर्ट सैद, पेनांग, हाँगकाँग, कोबे, लंडन. मागे एक अक्षर नाही, तिकीट नाही. कोपरे इतके टोकदार की बोटाला लागावेत. मी वहीत चौदा वेळा ‘मिंट’ लिहिले. दादांनी घेतली असतील, पाठवायची राहून गेली असतील, असे मला वाटले.

ते वर्ष ताडपत्रीखाली काढले. शाळा बंद, कुवेतला असलेल्या चाचांची नोकरी गेलेली. भरपाई आली ती पत्र्यांत संपली. २०२१ च्या सुरुवातीला मी एस.टी.ने मुंबईला गेले आणि ती चौदा कार्डे एका व्यापाऱ्याला विकली. लिहिलेली त्याने पाहिलीही, पण “मॅडम, ही घरीच ठेवा,” म्हणाला. आलेल्या पैशांत सुताराची आठवड्याची मजुरी भागली. परत येताना मी समाधानी होते. दादांचा एक शब्दही विकला नव्हता. विकली ती मुकी कार्डे.

पावसाळ्यापूर्वी छप्पर झाले. सामान जागेवर लावताना दादीने विचारले, “माझं मेणकापड कुठं आहे गं?” तिला मोतीबिंदू होता, दिसत फारसे नव्हते. मी कापड तिच्या हातात दिले. तिने ते उलगडले, हात फिरवला, पुन्हा घडी घातली. मग विचारले, “आतलं?”

मी खरे ते सांगितले. दादी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “लिहिलेली सासऱ्यांची होती. ती माझी होती.”

त्या रात्री आणि पुढे कितीतरी रात्री तिच्याकडून ऐकले ते असे. दादा दीड-दोन वर्षांनी घरी येत. येताना ही कार्डे पेटीत, कपड्यांच्या घडीत ठेवून आणत. घर झोपले की कंदील जवळ ओढून एकेक कार्ड तिच्यासमोर ठेवत आणि सांगत. पोर्ट सैदला बोटीवर गल्लीगल्लीवाला जादूगार चढतो आणि कपाखालून कोंबडीची पिल्ले काढतो. हाँगकाँगला रात्री डोंगरभर दिवे लागतात, आपल्या खाडीतल्या सगळ्या होड्यांनी मशाली पेटवून डोंगर चढावा तसे. लंडनचे कार्ड बर्फाचे होते. दादा म्हणाले होते, “तुझ्यासाठी थोडा आणला असता, पण वाटेत एडन लागतं.” हे सांगताना दादी हसली. ऐंशी ओलांडलेल्या बाईचे ते हसू मी आधी पाहिले नव्हते.

“मग मागे काही लिहून का नाही घेतलं?” मी विचारले.

“कशाला? त्यांना लिहिता येत नव्हतं, मला वाचता. लिहिणार तिसरा, वाचणार चौथा.”

तेहेतीस कार्डांत दादीचे नाव कुठेही नाही. ते मला आधीच दिसले होते आणि त्या काळच्या रीतीवर मी मनात एक टिपणही केले होते. सून असल्यामुळे तिला पत्र येत नसे, असे. पण पत्रे येत होती. ती पोस्टमनच्या आणि मौलवीसाहेबांच्या हाती न पडता येत होती, एवढेच. ती कोरी होती म्हणूनच तिची होती. आणि ती मिंट राहिली ती कोणी वापरली नाहीत म्हणून नाही. लेकरांचे हात लागू न देता तिने ती साठ वर्षे जपली म्हणून.

मी व्यापाऱ्याला फोन केला. बारा कार्डे गेली होती. पेनांग आणि बर्फाचे लंडन ही दोन शिल्लक होती. विकली त्याच्या दुप्पट पैसे देऊन मी ती परत आणली. दादी रागावली नाही. “तुला काय ठाऊक,” म्हणाली. मला ठाऊक नव्हते हे खरे. पण ती शेजारच्या खोलीतच होती आणि मी विचारले नव्हते, हेही खरे. उरलेल्या बारा कार्डांपैकी नऊ तिला नीट आठवत होती. ती सांगत गेली, मी एका वहीत उतरवत गेले. तिच्या बोलीत, देवनागरीत. उर्दूत लिहायला घेतले होते, पण तिचे शब्द देवनागरीत अधिक सरळ बसत होते. तीन कार्डे तिच्या आठवणीत एकमेकांत मिसळली होती. ती तशीच मिसळलेली लिहिली. २०२२ मध्ये दादी गेली.

शाळेत अधूनमधून एखादी उत्तरपत्रिका पूर्ण कोरी येते. पूर्वी मी शून्य लिहून पुढची घेत असे. आताही शून्यच लिहावे लागते, त्याला इलाज नाही. पण त्याआधी त्या मुलाला बोलावून विचारते. कधी काही निघत नाही. कधी निघते.

नोंदवही अजून चालू आहे. त्या दोन कार्डांच्या मागे व्यापाऱ्याने पेन्सिलीने लिहिलेला ‘मिंट’ मी खोडलेला नाही, तो चुकीचा नाहीच. फक्त वहीत एक रकाना वाढवला आहे, ‘दर्जा’च्या आधी. त्याचे नाव ‘कोणाचे’. तो भरल्याशिवाय पुढचा भरत नाही.