डायना कोण होणार?

वाड्यामागच्या पेरूच्या झाडाला मी माझ्या चुलत बहिणीला बांधलं, तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि ती सात. दोरी मिळाली नाही, म्हणून आजीच्या फाटक्या लुगड्याची पट्टी काढली होती. मे महिन्याच्या सुट्टीत इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांवरून आमच्यात झोंबाझोंबी चालायची आणि अंक वाचून संपले की खेळ सुरू. मी वेताळ, त्या कॉमिक्सचा नायक. दोघे भाऊ दरोडेखोर. वेताळाची मैत्रीण डायना व्हायला कुणीच राजी नसायचं, त्यामुळे ते काम धाकटीच्या गळ्यात. (नाव छापायचं नाही, असं तिनं मला बजावलंय.) त्या दिवशी दरोडेखोरांनी डायनाला पळवलं, बांधलं, आणि वेताळ सोडवायला निघणार तेवढ्यात आतून हाक आली, पानं वाढलीत. आमरस होता. आम्ही तिघं पळालो. दुसरी वाटी संपत आली तेव्हा काकूनं विचारलं, "धाकटी कुठंय?"

पाठीत धपाटा बसला, पण पुढे कितीतरी वर्षं हा किस्सा मी गंमत म्हणूनच सांगत आले. त्यात माझंच कौतुक असायचं. बघा, मी कधी डायना झाले नाही!

हाच तोरा मी मोठेपणीही मिरवला. कॉमिक्स वाचणारी मी एकटीच मुलगी, बाकीच्यांसारखी नाही. 'बायकी' हा शब्द मी शिवीसारखा वापरायची. अमेरिकेतल्या गेल सिमोन या कॉमिक्सवाचक बाईंनी 1999 मध्ये सुपरहिरो कॉमिक्समधल्या मारल्या गेलेल्या, छळलेल्या, शक्ती काढून घेतलेल्या स्त्री पात्रांची यादी केली. 1994 च्या 'ग्रीन लँटर्न'च्या एका अंकात नायक घरी येतो आणि त्याच्या मैत्रिणीचं प्रेत त्याला फ्रिजमध्ये सापडतं. त्यावरूनच यादीचं नाव पडलं, 'फ्रिजमधल्या बायका'. ती वाचून मी मित्रांत म्हणाले होते, "पुरुष पात्रंही मरतातच की. उगाच रडारड." मित्रांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं होतं.

त्यानंतर काही वर्षांनी एका दिवाळी अंकासाठी आठ पानांची चित्रकथा लिहायला मिळाली. सह्याद्रीच्या कड्यांवरून उड्या मारणारा नायक. त्याला राग यायला काहीतरी कारण हवं, म्हणून मी त्याला बायको दिली आणि चौथ्या पानावर मारली. नुकतीच कलाशाळेतून बाहेर पडलेली एक मुलगी चित्रं काढणार होती. तिचा फोन आला.

"ताई, हिचं नाव काय?"

"नाव कशाला? चौथ्या पानावर मरते की ती."

"मग तीन पानं तिला काय म्हणू?"

मी संहिता उघडली. 'चौकट 2 : बायको डबा भरते. हसते. चौकट 3 : बायको दारात उभी. काळजीत.' बारा चौकटींत ती होती आणि तिला एकच वाक्य होतं : "लवकर या हं." मला लाज वगैरे वाटली नाही, खरं सांगते. वैतागच आला. "ठेव काहीही," म्हटलं. तिनं काढलेली पानं आली, तर स्टीलच्या डब्यावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं, भांड्यांच्या दुकानात घालून देतात तसं : 'वसुधा'. चौथ्या पानावर डबा घरंगळत जातो आणि शेवटच्या चौकटीत फक्त ते नाव आपल्याकडे तोंड करून असतं. लोकांनी त्याच चौकटीचं कौतुक केलं. मी ते निमूट खिशात घातलं, चित्रकार मुलीचं नाव न घेता.

1973 चा 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा 121 वा अंक मी त्यानंतर पुन्हा काढला. त्यात स्पायडरमॅनची, म्हणजे पीटरची, मैत्रीण ग्वेन स्टेसी पुलावरून पडते, त्याचं जाळं तिला वरच्या वर धरतं आणि तिच्या मानेपाशी बारीक अक्षरांत 'स्नॅप' एवढंच छापलंय. त्या अंकावर मी तावातावानं बोलायची, पण सगळं पीटरच्या दुःखाबद्दल. ग्वेन त्याच्याच कॉलेजात विज्ञान शिकत होती, हे सांगावंसं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मी घाईघाईनं प्रायश्चित्त घ्यायला गेले आणि दुसरी चूक केली. या वेळी नायिकाच. ठोसे मारणारी, आई नाही, मैत्रीण नाही, इतर बायकांकडे बघून नाक मुरडणारी. थोडक्यात मीच, फक्त दंड जरा बरे. तिच्या पहिल्या मोठ्या चित्रासाठी लिहिलं होतं : 'पाठमोरी, मान वळवून वाचकाकडे बघते, छातीही दिसते.' अमेरिकन अंकांत अशी चित्रं शेकड्यांनी पाहिलेली, हात आपोआप तसा चालला. चित्रकार मुलगी घरी आली आणि शांतपणे म्हणाली, "ताई, तुम्ही उभं राहून दाखवा, मी काढते." मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहिले, कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे पिळले, आणि उसण भरली. चार दिवस गरम पाण्याची पिशवी. तिनं नायिकेला खिसे असलेली पँट दिली आणि सरळ उभं केलं.

तिसरी चूक मात्र अजून दुरुस्त व्हायचीय, म्हणून हे लिहायला घेतलं. एका महाविद्यालयात मी वंडर वूमनवर बोलले. विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञानं 1941 मध्ये ती लिहिली, एच. जी. पीटर यांनी काढली. मार्स्टनच्या कथांत ती सारखी दोरखंडांनी, साखळ्यांनी बांधली जाते आणि बहुतेकदा आपली आपणच सुटते. तरी सुपरहिरोंच्या मंडळात तिला घेतलं ते सेक्रेटरी म्हणून. यावर हशा पिकला. मग मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "तेव्हा बायका लिहीतच नव्हत्या का?" मी ठामपणे म्हणाले, "त्या काळात नाही."

साफ खोटं. मार्स्टनची विद्यार्थिनी जॉय हमेल 1944 पासून त्याच्यासोबत वंडर वूमन लिहीत होती. तो आजारी पडल्यावर तिनं कितीतरी कथा एकटीनं लिहिल्या, पण अंकांवर तिचं नाव छापलं गेलं नाही. छापील नावं वाचून मी उत्तर दिलं होतं. ती मुलगी कोण, कुठली, मला ठाऊक नाही. तिच्या वहीत माझं वाक्य अजून असेल.

गेल्या वर्षी एका लग्नात धाकटी भेटली. पंगतीत शेजारी बसलो होतो, आणि चाळीसेक वर्षांनी मी म्हटलं, तुला बांधून आम्ही जेवायला पळालो, चुकलंच.

"त्याचं काय एवढं," ती म्हणाली. "मला डायना आवडायची. तुम्हाला वाटायचं, मी रडतखडत होते. अगं, ऑलिंपिकमध्ये उंचावरून सूर मारणारी बाई ती, युनोत नोकरी करणारी. तुला माहीत होतं ना?"

मला आठवत नव्हतं. सगळे अंक मी वाचले होते, काही तर पाठ होते.

"पण गाठ फार घट्ट मारायचीस," ती म्हणाली आणि वाटी पुढे केली. "मनगटावर वळ उठले होते."